गिरणीतल्या पणजोबांचा माग

वाचकाचं पत्र: "मी मूळची सांगलीची, लग्नानंतर इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टला आले. सासूबाई आता ८४ वर्षांच्या आहेत. त्यांचे आजोबा (वडिलांचे वडील), म्हणजे माझ्या यजमानांचे पणजोबा, ओल्डहॅमच्या सूतगिरणीत होते. जन्म १८७४ च्या सुमाराचा, मृत्यू दुसऱ्या महायुद्धात कधीतरी, एवढंच घरात ठाऊक आहे. वंशावळीच्या साइटवर शोधलं तर त्याच नावाची दोन मुलं सापडतात, दोन्ही ओल्डहॅमची, दोन्ही १८७४ ची. चार जणांनी आपल्या वंशावळीत एक मुलगा घेतलाय, एकाने दुसरा. आमचे कोणते? आणि साध्या गिरणीकामगाराच्या आयुष्याबद्दल नाव-तारखांपलीकडे काही मिळतं का? संशोधकाला पैसे द्यावेत, की डीएनए चाचणी करावी?"

ताई,

त्या पाचही वंशावळी तूर्त मिटून ठेवा. चौघांनी एकाला आपलं म्हटलं म्हणून तो तुमचा होत नाही. बहुतेक वेळा एकाने अंदाज बांधलेला असतो आणि बाकीच्यांनी तो क्लिक करून उचललेला असतो. कुणी मूळ नोंदीची प्रतिमा जोडली असेल तेवढी उघडून पाहा, बाकी सोडून द्या.

दुसरं, १८७४ पासून सुरुवात करू नका. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या चोपड्यात पिढ्या सलग लिहिलेल्या सापडतात; इंग्लंडमध्ये तसा चोपडा नाही. तिथे प्रत्येक पिढीचा सांधा स्वतंत्र कागदाने जोडावा लागतो, आणि तो अलीकडून पलीकडे. सासूबाईंचा जन्मदाखला घरात असेलच. त्यावर त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव आहे, त्याच्या आधारे त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाची नोंद काढा. विवाहनोंदीत नवऱ्याच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो. तिथे पणजोबा पहिल्यांदा कागदावर भेटतील. (आईचं नाव मात्र शोधू नका, इंग्लंडच्या विवाहनोंदीत ते मे २०२१ पासून आलं.) मग सासूबाईंच्या वडिलांचा जन्मदाखला काढा, त्यावरून पणजीचं माहेरचं आडनाव मिळेल. ते हाती आलं की पणजोबा-पणजीचं लग्न शोधता येतं. त्या लग्नाच्या नोंदीत पणजोबांच्या वडिलांचं नाव असेल आणि दोन मुलांतला आपला कोणता हे बहुधा तिथेच ठरेल.

लग्न शोधायला फ्रीबीएमडी ही विनामूल्य साइट वापरा. तिथल्या, सरकारी नोंदणीच्या सूचीत जोडीदाराचं आडनाव १९१२ पासूनच छापलंय. त्याआधीच्या लग्नासाठी नवरा आणि नवरी दोघांची नावं वेगवेगळी शोधायची आणि वर्ष, तिमाही, जिल्हा, खंड आणि पान हे पाचही जुळतात का ते पाहायचं. ओल्डहॅमचा त्या काळचा खंड ८ डी. एका पानावर सहसा दोन लग्नं असतात, त्यामुळे पान जुळलं तरी नवरी दुसऱ्याच नवऱ्याची असू शकते. दाखला मागवण्याआधी लँकेशायर ऑनलाइन पॅरिश क्लर्क्स ही साइट जरूर पाहा. लग्न चर्चमध्ये झालं असेल आणि ते रजिस्टर तिथे उतरवलेलं असेल तर वडिलांच्या नावासकट सगळी नोंद फुकट मिळते. दाखल्यावर वयाच्या जागी 'फुल एज' दिसलं तर त्याचा अर्थ २१ किंवा जास्त, यापलीकडे काही नाही.

आता दोन मुलांचा प्रश्न. दोघांचे जन्मदाखले मागवा. पूर्वी लोक पैसे वाचवायला एकच मागवत आणि तोच आपला मानून बसत. आता जनरल रजिस्टर ऑफिस, म्हणजे जन्म-मृत्यू-विवाहांच्या नोंदी ठेवणारं सरकारी कार्यालय, ज्याला सगळे जीआरओ म्हणतात, ते जुन्या जन्मनोंदींची नुसती प्रतिमा तीन पौंडांच्या आसपास देतं. दोन्ही समोर ठेवल्या की वडिलांचं नाव, धंदा, पत्ता आणि जन्मतारीख यांची तुलना करता येते.

जन्मतारीख ताडून पाहायला तुमच्याकडे दोन चांगली साधनं आहेत, कारण पणजोबा दुसऱ्या महायुद्धापर्यंत हयात होते. २९ सप्टेंबर १९३९ रोजी सरकारने ओळखपत्रांसाठी घरोघर नोंद केली. ते १९३९ चं रजिस्टर फाइंडमायपास्ट आणि अॅन्सेस्ट्री या वर्गणीच्या दोन्ही साइट्सवर आहे आणि त्यात पूर्ण जन्मतारीख लिहिलेली असते. वर्ष एखाद्याने इकडेतिकडे सांगितलेलं असतं, पण दिवस आणि महिना बहुधा बरोबर असतो. दुसरं साधन १९ जून १९२१ ची जनगणना: तिथे वय वर्षं आणि महिने असं विचारलं होतं. ४६ वर्षं ११ महिने असं लिहिलेलं सापडलं की जन्ममहिना जवळजवळ हातात आला.

तरीही दाखल्यावरची तारीख आणि १९३९ ची तारीख यांत दोन-तीन आठवड्यांचा फरक पडला तर घाबरू नका. जन्म ४२ दिवसांच्या आत नोंदवायचा असे. उशीर झाला की आई सरळ तारीख पुढे ढकलून सांगायची, आणि घरात वाढदिवस मात्र खऱ्या तारखेला व्हायचा. आणखी एक: सूचीतली तिमाही ही नोंदणीची असते, जन्माची नव्हे. डिसेंबर १८७३ मध्ये जन्मलेलं मूल मार्च १८७४ च्या तिमाहीत सापडतं. उलट, १८७४ पर्यंत नोंद न करणाऱ्या आईबापांना दंडाची धास्ती नव्हती. नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली खरी, पण ती पालकांवर सक्तीने आणि दंडासकट लादली गेली १८७५ पासून. म्हणजे या दोघांखेरीज तिसरा, नोंदच न झालेला मुलगाही असू शकतो. त्यासाठी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहायच्या.

दोघांपैकी एक लहानपणीच गेला असण्याची शक्यता तर अगदी आधी तपासायला हवी. गिरणीगावांत तान्ही मुलं फार जात. जीआरओच्या संकेतस्थळावरची नवी सूची यासाठी उत्तम, कारण तिच्यात मृत्यूच्या वेळचं वय १८३७ पासून दिलंय. जुन्या छापील सूचीत ते १८६६ पासून होतं. ओल्डहॅम जिल्हा घालून १८७४ ते १८८४ पर्यंत त्या नावाचे मृत्यू पाहा. सूचीतली एक खोड लक्षात ठेवा. काही ठिकाणी महिन्यांचा आकडा वर्षं म्हणून उतरवला गेलाय. 'वय ७' लिहिलेलं मूल प्रत्यक्षात सात महिन्यांचं असू शकतं, आणि तेच तुमच्या दोघांपैकी एक निघू शकतं. शंका आली की मृत्यूनोंदीची प्रतिमा मागवा. १८८७ पर्यंतच्या मृत्यूंची स्वस्त प्रतिमा मिळते.

याच सूचीत जन्मांपुढे आईचं माहेरचं आडनावही १८३७ पासून आहे. कामगार घराण्यांचा शोध घेणाऱ्यांना गेल्या काही वर्षांत मिळालेलं याइतकं उपयोगाचं हत्यार दुसरं नाही. वडिलांचं आडनाव आणि आईचं माहेरचं आडनाव घाला, दोन-दोन वर्षांच्या पट्ट्यांत पुढे सरका, आणि त्या जोडप्याची ओल्डहॅममध्ये नोंदलेली सगळी मुलं मिळतील, दोन जनगणनांच्या मध्ये जन्मून मध्येच गेलेलीसुद्धा. पणजोबांच्या स्वतःच्या मुलांबाबत १९११ ची जनगणना ताळा करून देते: लग्नाला किती वर्षं झाली, जिवंत जन्मलेली मुलं किती, त्यांतली हयात किती, गेलेली किती, असे तिथे रकाने होते. शिवाय १९११ चा कागद घरच्या माणसाने स्वतः भरलेला आहे. पणजोबांचं हस्ताक्षर कुठे मिळायचं असेल तर तिथे. जीआरओच्या सूचीत माहेरच्या आडनावाची जागा रिकामी दिसली तर आई बहुधा अविवाहित होती असं समजा. दाखल्यावर आईच्या नावापुढे 'लेट' आणि 'फॉर्मर्ली' असे दोन शब्द असतील तर पहिलं आधीच्या नवऱ्याचं आडनाव, दुसरं माहेरचं. आणि जन्माच्या रकान्यात वेळ लिहिलेली असली तर बहुतेक करून जुळं असतं, दुसरं भावंडही शोधा.

१८८१, १८९१, १९०१ अशा जनगणना सलग काढा. १८८१ ची फॅमिलीसर्च या साइटवर फुकट आहे. नाव मिळालं नाही तर आडनाव काढून टाका आणि फक्त पहिलं नाव, वय दोन वर्षांच्या फरकाने आणि जन्मगाव घालून शोधा. गणतीदार कानाला पडेल ते लिहायचा, लँकेशायरच्या बोलीत शब्दारंभीचा ह गळतो, आणि वर ते अक्षर आज कुणीतरी वाचून टंकित केलंय. जन्मगावाकडेही नीट पाहा. ओल्डहॅम नोंदणी जिल्ह्यात रॉयटन, चॅडर्टन, क्रॉम्प्टन, मिडलटन हे सगळं येई. एक मुलगा दर वेळी 'रॉयटन' सांगत असेल आणि दुसरा 'ओल्डहॅम', तर ती दोन घरं आहेत. सॅडलवर्थ आज ओल्डहॅमचाच भाग असला तरी १९७४ पर्यंत यॉर्कशायरमध्ये होतं. फक्त लँकेशायर निवडून शोधलं की तिकडचे नातेवाईक निसटतात. १९११ च्या आधीच्या जनगणनेत जे दिसतं ती गणतीदाराने केलेली नक्कल आहे. पानावर नावांआधी दोन तिरक्या रेघा असल्या तर घर संपलं, एक असली तर त्याच घरातलं कुटुंब संपलं. वयावर ओढलेल्या काट्या कारकुनांच्या मोजणीच्या, त्यामुळे ३ चा ८ दिसतो. नात्याच्या रकान्यात 'सन-इन-लॉ' वाचून जावई समजू नका. दहा वर्षांचा पोर जावई कसा असेल? त्या काळी सावत्र मुलालाही तेच लिहीत. पणजोबा एखाद्या जनगणनेत वेगळ्याच आडनावाखाली सापडले तर आईने दुसरं लग्न केलंय का ते आधी पाहा.

नाव-तारखांपलीकडचं आयुष्य मिळतं ते धंद्याच्या रकान्यातून, पण तो वाचता यायला हवा. १८७४ चा मुलगा १८८१ ला 'स्कॉलर', म्हणजे शाळकरी, असेल. दहाव्या वर्षी तो 'हाफ-टाइमर' म्हणून अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत जाऊ शकत होता. १८७८ च्या कायद्याने ठरावीक इयत्तेचं प्रमाणपत्र असलं तर तेराव्या वर्षी पूर्णवेळ. अर्धवेळ कामासाठीची दहा वर्षांची अट पुढे १८९३ मध्ये अकरा आणि १८९९ च्या कायद्याने बारा झाली. मजुरीसाठी वय वाढवून सांगणारी घरं होती, म्हणून १८९१ च्या वयावर फार विसंबू नका.

'कॉटन पीसर' लिहिलेलं असेल तर चित्र असं. सूत कातणाऱ्या म्यूल यंत्राची जोडी समोरासमोर, प्रत्येकावर हजाराच्या वर चात्या. चात्यांचा लांबच लांब गाडा रुळावर पाचेक फूट बाहेर येतो, सूत ओढून पीळ देतो, परत आत जातो. या येण्याजाण्यात तुटलेले धागे बोटांनी सांधायचे, हे पीसरचं काम, दिवसभर गाड्याच्या मागेपुढे चालत. सूत तुटू नये म्हणून हवा उष्ण आणि दमट ठेवत. फरशी तेलकट, म्हणून पाय अनवाणी. एका जोडीवर एक 'माइंडर', त्याच्या हाताखाली मोठा पीसर आणि लहान पीसर. माइंडरला सुतावर मजुरी मिळायची आणि पीसरांना तो त्यातून पैसे द्यायचा. यात दोन गोष्टी आल्या. एक, गिरणीचं पगारपुस्तक क्वचित टिकलेलं सापडलं तरी पीसरचं नाव त्यात नसण्याचीच शक्यता जास्त. दोन, १९०१ ला, सव्वीस-सत्तावीस वर्षांचे असताना, पणजोबा अजून 'पीसर' दिसले तर त्यांना आळशी ठरवू नका. माइंडरची जागा एक आणि वाट पाहणारे दोन, असा तो हिशेब होता. कित्येकांची दाढी आली तरी पीसरच राहिले. 'सेल्फ-अॅक्टर माइंडर' (स्वयंचलित म्यूलचा माइंडर) किंवा 'म्यूल स्पिनर' लिहिलेलं आढळलं तर मात्र ते कारागिरांतल्या वरच्या थरात पोचले. 'स्ट्रिपर अँड ग्राइंडर' हे कार्डिंग खात्यातलं, पिंजण यंत्राच्या दातांतला कचरा काढून त्यांना धार लावायचं काम. तिथली धूळ छातीत बसे.

१९२१ च्या जनगणनेत मालकाचं नाव आणि कामाची जागा असे रकाने आहेत, म्हणजे गिरणीचं नावच मिळेल. ते मिळालं की ओल्डहॅम लोकल स्टडीज अँड आर्काइव्हजमध्ये त्या गिरणीचे फोटो, नकाशे आणि कंपनीचे कागद विचारता येतात. माइंडर असतील तर सूतकातणाऱ्यांच्या युनियनचे कागद मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहेत. सॅलफर्डच्या वर्किंग क्लास मूव्हमेंट लायब्ररीतही पाहण्यासारखं बरंच आहे. युनियनच्या कागदांत नाव सापडेलच असं नाही, पण नोव्हेंबर १८९२ ते मार्च १८९३ या गिरणीमालकांनी केलेल्या वीस आठवड्यांच्या टाळेबंदीत पणजोबा अठरा वर्षांचे होते आणि त्या हिवाळ्यात घरात मजुरी आली नसण्याचीच शक्यता मोठी, एवढं तरी तारखांच्या यादीत घालाल. मालक आणि युनियन यांच्यातल्या ब्रुकलँड्स कराराने ती टाळेबंदी संपली. त्यांचे आईवडील १८६१ ते १८६५ च्या कापूस-दुष्काळातून गेलेले असणार. अमेरिकेतल्या यादवीने तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबई बंदरातून गेलेला आखूड धाग्याचा 'सुरत' कापूस तिथल्या कामगारांच्या कपाळी आला. तो सारखा तुटे आणि मजुरी तुटलेल्या सुताची मिळत नसे. मुंबईत त्याच कापसावर सट्ट्याचे मनोरे उभे राहिले. मुंबईच्या गिरण्यांत यंत्रं आली त्यांतली बरीच ओल्डहॅमच्याच प्लॅट ब्रदर्स या यंत्र बनवणाऱ्या कंपनीची. तुमच्या मुलांना सांगायला हा धागा बरा आहे.

मृत्यूचा दाखला लोक शेवटी मागवतात. तुम्ही लवकर मागवा. पीडीएफ प्रत मिळते. खबर देणाऱ्याचं नाव आणि पत्ता त्यावर असतो, तो बहुधा मुलगा किंवा लेक असल्याने ओळख पक्की होते. कारणाच्या जागी 'थायसिस' म्हणजे क्षय. 'एपिथेलिओमा' दिसलं आणि धंदा म्यूल स्पिनर असला तर तो चात्यांच्या खनिज तेलाने होणारा त्वचेचा कर्करोग असू शकतो. म्यूलवर वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा हा ओळखीचा रोग. मृत्यूचं ठिकाण ओल्डहॅमचं बाउंड्री पार्क रुग्णालय असेल तर कुणीतरी तुम्हाला सांगेल की ते वर्कहाउस, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायची सार्वजनिक जागा, होतं. मुळात होतं, पण अनाथ-दरिद्रींची जुनी व्यवस्था १९३० मध्ये मोडीत निघाली. १९४१ च्या आसपास तिथे मरण येणं म्हणजे पालिकेच्या दवाखान्यात मरण येणं. त्याआधीच्या पिढीत खरोखर वर्कहाउसची नोंद सापडली तर तिची लाज बाळगायचं कारण नाही: काम गेलं, बाळंतपण आलं, म्हातारपण आलं की तिथे जावंच लागे. ७० वर्षांवरच्यांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन सुरू झाली ती १९०९ मध्ये.

वर्तमानपत्रं विसरू नका. कामगाराचं नाव छापून येई ते गिरणीतला अपघात, मृत्यूची चौकशी, कोर्टातला दंड, चर्चची सहल अशा निमित्ताने. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हमध्ये माणसाच्या नावाबरोबर रस्त्याचं नाव घालून शोधा. नुसत्या नावाने शेकडो परके लोक येतील. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या फायली सापडल्या नाहीत तर आश्चर्य नको, सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात निम्म्याहून जास्त जळाल्या. १९१४ ला चाळिशीतले पणजोबा गेले नसण्याचीच शक्यता अधिक.

डीएनएबद्दल: लग्नाच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मिळालं आणि ते एका मुलाशी जुळलं तर गरज नाही. वडिलांचा रकाना रिकामा निघाला, किंवा दोन्ही मुलांच्या वडिलांचं नावही एकच असलं, तर करा. मात्र यजमानांची नको, सासूबाईंची करा. आजोबांचा साधारण पाव हिस्सा त्यांच्यात आहे, यजमानांत त्याच्या निम्माच उरतो. जुळणाऱ्या लोकांत दोन मुलांपैकी कोणत्या आईच्या माहेरची आडनावं येतात ते पाहायचं. थुंकीची नळी हातात देण्याआधी त्यांना स्पष्ट विचारा, की घरात कुणाला ठाऊक नसलेला बाप किंवा भाऊ निघाला तर ते कळायला हवंय का. नको म्हणाल्या तर विषय तिथेच थांबवा.

संशोधकाला आत्ता पैसे देऊ नका. दोन जन्मप्रतिमांचे सहा पौंड, मृत्यूच्या पीडीएफचे आठ आणि लग्नाचे दाखले कागदीच मिळतात म्हणून प्रत्येकी साडेबारा; दर वाढत असतात, मागवण्याआधी जीआरओवर पाहा. वर्गणीच्या साइट्ससाठी आधी तुमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात विचारा, कित्येक ठिकाणी अॅन्सेस्ट्री किंवा फाइंडमायपास्ट सभासदांना फुकट वापरता येतं. १९२१ ची जनगणना मँचेस्टरच्या सेंट्रल लायब्ररीत विनामूल्य उघडून दिलेली आहे. स्टॉकपोर्टहून दहा-पंधरा मिनिटांची गाडी, जाण्याआधी फोन करून सोय चालू आहे ना एवढं विचारा. घरून वर्गणी घेतलीच तर महिन्याची घ्या, आणि घेतल्या दिवशीच आपोआप नूतनीकरण बंद करून टाका.